दोन घरं वाट पाहतात

वडे बसायला लागले तेव्हा घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेलातून काढलेला वडा नव्या जावयासारखा टम्म फुगलेला असतो. त्याला वेळेवर पानात वाढलं तर त्याचा मान राहतो, ताटकळत ठेवलं तर तो हळूहळू खाली बसतो आणि मग कितीही गरम केला तरी पहिला ताठा येत नाही. भीमाबाईंनी सकाळपासून अडतीस वडे तळले होते. त्यातले बावीस बसले होते. उरलेल्या सोळांचं काही खरं नव्हतं.

"आई, गॅस बंद कर आता. धूर झालाय घरभर," धम्मशीला म्हणाली. ती आणि तिचा नवरा मिलिंद सकाळीच एजवेअरहून निघून दहालाच कॉव्हेंट्रीत दाखल झाले होते. मोरपंखी साडी, मोत्यांचे कानातले, हातात वही. वहीत आजच्या बोलण्याचे मुद्दे: लग्न विहारात की चर्चमध्ये, की नुसतं रजिस्टर, मुलांना काय शिकवायचं, त्यांच्या बाजूची किती माणसं. वकील लेकीला जन्म दिला की घरातल्या सोयरिकीलाही अजेंडा येतो.

"धूर आहे म्हणून तरी घरात काहीतरी हलतंय," भीमाबाई म्हणाल्या. "बाहेर बघ तुझ्या बाबांकडं."

यादवराव समोरच्या खोलीत उभे होते. बसले नव्हते, उभेच. राखाडी सूट, निळा टाय, कोटाच्या खिशात पेन. गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, पण रविवारी विहारात जाताना सुटाला इस्त्री नाही असं एकदाही झालं नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पांढरी फुलं, टेबलावर लेस्टरहून आणवलेली हापूसची पेटी, झाकण अर्धवट उघडं ठेवलेलं, येणाऱ्याला दिसेल पण दाखवलं असं वाटणार नाही इतपत.

"बारा म्हणजे बारा," ते खिडकीला उद्देशून म्हणाले. "सव्वाबारा म्हणजे ट्रॅफिक. साडेबारा म्हणजे रस्ता चुकले. सव्वा वाजत आला म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको."

"बाबा, मॅरिसेल फोन उचलत नाही," सुहास जिन्यावरून उतरत म्हणाला. "शी मस्ट बी ड्रायव्हिंग. तिचा गाडी जुनी आहे, कदाचित..."

"गाडी जुनी असेल. घड्याळ तरी नवं असेल ना?"

सुहास एकतीस वर्षांचा होता, मिल्टन कीन्समध्ये बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करायचा, आणि बापासमोर आला की अजूनही त्याचे हात आपोआप खिशातून बाहेर यायचे. भीमाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं शाळेत डिनर लेडी म्हणून वाढप केल्यावर पोराच्या चेहऱ्यावरून त्याला किती भूक आहे हे सांगता येतं. या पोराला आज अन्नाची भूक नव्हती. परवा, मंगळवारी, मॅरिसेलची आई विमानात बसणार होती. तीन आठवड्यांचा व्हिझा, आयुष्यातला पहिला परदेश. आणि मॅरिसेलनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं: माझ्या आईच्या तोंडून हो आलं नाही तर मी लग्न करणार नाही. तू कितीही चांगला असलास तरी.

म्हणजे जे व्हायचं ते आज. नाहीतर कधीच नाही.

मुलगी भीमाबाईंना पसंत होती. नुसती पसंत नाही, तिच्याबद्दल त्यांना अप्रूप होतं. चार वेळा घरी येऊन गेली होती आणि चारही वेळा त्यांनी तिला ओट्याशी उभं करून तिच्या बेटाची माहिती काढून घेतली होती. फिलिपिन्समधलं गिमारास. होडीनं मोठ्या शहरापासून पंधरा मिनिटं. एवढंसं बेट, पण स्वतःचा प्रांत, स्वतःचा गव्हर्नर. आणि आंबा! आंब्याच्या बाबतीत तर त्या लोकांचा कारभार बघून भीमाबाईंनी हात जोडले होते. बाहेरचा एक आंबा त्या बेटावर येऊ देत नाहीत. धक्क्यावर माणूस बसलेला असतो, पिशव्या तपासतो. बाहेरची कीड नको म्हणून. आणि झाडावर फळ लिंबाएवढं झालं की प्रत्येक फळाला वर्तमानपत्राच्या कागदाचा अंगरखा. एकेका झाडावर हजार हजार. बायका शिड्यांवर चढून, बांबूच्या परातीसारख्या टोप्या डोक्यावर घेऊन, दिवसभर फळांना कपडे घालतात.

"आमच्या दापोलीला फळाला कपडा कुठला, राखणदाराच्या अंगावर नसायचा," असं तेव्हा यादवराव हसून म्हणाले होते, आणि मग लगेच विषय बदलला होता.

त्यांच्या तिकडे मठातले साधू आंब्याचा मुरंबा करतात. माणसं रागावली तरी मूल झोपवल्यासारख्या आवाजात बोलतात. घराघरातली एक तरी मुलगी नर्स होऊन कुठल्या ना कुठल्या थंड गावात असते आणि वर्षातून एकदा माणूस मावेल एवढा खोका भरून घरी पाठवते: साबण, कॉफी, बूट, चॉकलेट. भीमाबाईंनी मनाशी हिशोब केला होता: या बेटाचं मोठं पीक आंबा, आणि त्याहून मोठं पीक मुली. आंबा परदेशी गेला की संपतो. मुली गेल्या तरी घराला फळ देत राहतात.

पण गेल्या ऑगस्टात त्यांच्या समुद्रात तेलाचं जहाज बुडालं. किनाराच्या किनारा काळा. गावंच्या गावं हातांनी तेल उपसत होती. कुठकुठल्या लोकांनी डोक्यावरचे केस कापून पोत्यांतून पाठवले, तेल शोषायला. मॅरिसेलच्या वडलांची होडी तेव्हापासून वाळूवर उपडी होती. आई दुसऱ्याच्या बागेत आंब्यांना कागद बांधायची. त्या बाईला घेऊन पोरगी आज यायची होती, आणि दीड वाजत आला तरी पत्ता नव्हता.

फोन वाजला तो धम्मशीलानं उचलला. वकील माणूस, फोन कुणाच्याही घरचा असो, आधी तीच उचलणार.

"येस, मॅरिसेल. वी आर ऑल वेटिंग. व्हेअर आर यू?" मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "नो, नो... वी आर ॲट होम. व्हॉट डू यू मीन, व्हेअर आर *वी*?"

तिनं फोनवर हात ठेवला.

"आई, ते तिथे वाट बघतायत. मिल्टन कीन्सला, मॅरिसेलच्या घरी. सकाळपासून स्वयंपाक करून बसलेत. म्हणतात, तुम्ही कुठे अडकलात?"

स्वयंपाकघरात तेवढा एक वडा तेलात चुर्र करत होता.

चूक कुणाची? भीमाबाईंनी मनातल्या वहीचं पान उलटलं. कुणाचीच नव्हती, हीच पंचाईत. रविवार ठरला होता. बारा ठरले होते. कुठे, हे ठरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सूर्य कुठल्या बाजूला उगवणार हे कुणी विचारून घेतं का? इकडच्यांच्या मते मुलगी बघून झाली होती, चारदा. आता मुलीकडच्यांनी मुलाचं घर बघायला यायचं, पाहुणचार घ्यायचा, बोलणी करायची. तिकडच्यांच्या मते मुलाच्या घरच्यांनी मुलीच्या दारात यायचं आणि तिच्या आईबापाकडे तिला मागायचं. दोन्हीकडे रीत इतकी पक्की होती की ती बोलून दाखवणं म्हणजे समोरच्याला अडाणी ठरवणं.

"पण मी तिला काल टेक्स्ट केला," सुहास रडकुंडीला आला. "मी म्हटला, आईनी खूप फूड केलाय. ती म्हणाली, नानायनी, म्हणजे तिच्या आईनी, पण खूप केलाय. मला वाटला ते घेऊन येतायत!"

"शाबास," मिलिंद सोफ्यावरून म्हणाला. "दोन्हीकडे जेवण तयार आणि चारी बाजूंनी माणसं उपाशी."

"मिलिंद, प्लीज."

"बरं, सोपं आहे," मिलिंद उठला. "गाडी काढतो. तासाभराचा रस्ता. एम-वन आज मोकळा असणार."

"गाडी काढायची नाही," यादवराव म्हणाले.

ते आवाज न चढवता म्हणाले, म्हणून सगळे वळले.

"त्यांना सांग, या म्हणावं. अजून उशीर झालेला नाही. जेवण आहे, आंबे आहेत, आम्ही वाट बघतो. पण मागायला म्हणून मी कुणाच्या दारात उभा राहणार नाही."

"बाबांचं बरोबर आहे," धम्मशीला वही बंद करत म्हणाली. "माझ्या वेळी बाबा कॉव्हेंट्रीहून नागपूरला मिलिंदच्या घरी गेले होते. मुलीचे वडील म्हणून. तिथे दोन तास पॅसेजमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलं होतं त्यांना."

"आमचे अप्पा खरंच मीटिंगला गेले होते," मिलिंद म्हणाला. पंधरा वर्षांत हे वाक्य तो तिसाव्यांदा म्हणत असावा.

"असतील. पण तेव्हा मुलीच्या बाजूनं जायचं होतं म्हणून बाबा गेले. आता मुलाची बाजू आपली आहे, तर आता का जायचं? प्रत्येक वेळी आपणच?"

भीमाबाईंनी गॅस बंद केला. पदराला हात पुसत त्या बाहेर आल्या. घरातली माणसं कुठे कुठे उभी आहेत ते त्यांनी एकदा पाहून घेतलं. नवरा आणि लेक एका बाजूला, जावई दाराकडे, मुलगा मधोमध, कुणाचाच नाही. अशा वेळी समोरून भिंतीला धडक मारायची नसते. आधी एक वीट काढायची.

"शीले, पॅसेजमध्ये त्या खुर्चीवर तुझे बाबा बसले होते, ते तुला कसं वाटलं होतं?"

"कसं वाटणार? अजून आठवलं की..."

"मग आज ती खुर्ची त्या बाईसाठी मांडायची का?"

धम्मशीलानं बंद केलेली वही पुन्हा उघडली आणि मिटली.

"तुझ्या बाबांना बसवून ठेवलं त्याचं उट्टं नागपूरवर काढायचं की गिमारासवर? त्या बाईनं तुझं काय घेतलंय?" मग जावयाकडे वळून, "मिलिंदराव, तुमच्या अप्पांवर माझा राग नाही हो. होता तेव्हा होता."

"उशिरा का होईना," मिलिंद पुटपुटला.

भीमाबाईंनी धम्मशीलाच्या हातातून फोन घेतला. पलीकडे मॅरिसेल अजून होती, आणि तिच्यामागे बायकांचा मऊ कलकलाट.

"मॅरिसेल, लव्ह, पुट युवर मम ऑन."

थोडी खुडबुड. मग एक बारीक, सावकाश आवाज. इंग्रजी मास्तरांनी शिकवलेलं, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं.

"गुड आफ्टरनून, मिसेस. आम्ही आहोत. काळजी करू नका, जेवण झाकून ठेवलंय."

"तुम्ही जेवलात?"

"नाही, नाही. तुम्ही आल्यावर."

"बसलात तरी?"

पलीकडे हसणं ऐकू आलं. "मी खिडकीत आहे. अकरा वाजल्यापासून. मुलाकडचे येईपर्यंत मुलीच्या आईनं बसायचं नसतं, असं माझी आई म्हणायची. पाय दुखत नाहीत. मी बागेत दिवसभर शिडीवर असते."

भीमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तेही अकरा वाजल्यापासून खिडकीत उभे होते. चाळीस मैलांच्या अंतरावर दोन खिडक्या, दोन म्हातारी माणसं, आणि दोघांच्याही पाठीमागे झाकलेलं जेवण.

"पाच मिनिटांत फोन करते," त्या म्हणाल्या.

फोन ठेवून त्या यादवरावांच्या शेजारी खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या. बोलताना नवऱ्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात ही अक्कल त्यांना पहिल्याच वर्षी आली होती.

"मामंजींचं आठवतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"मग? नाही आठवणार?"

सगळ्या घराला ते माहीत होतं. यादवरावांचे वडील सोनूबाबा खोताच्या आंब्याच्या बागेचे राखणदार. मोसमभर रात्री मचाणावर, वटवाघळांवर, वानरांवर, चोरांवर डबा वाजवत. सकाळी खोताच्या बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, उभं राहायचं, पंचा पसरून. आत पाऊल नाही. खोत वरून पडके आंबे टाकायचा. हाताला हात लागू नये एवढ्या उंचीवरून. एखादा आंबा पंच्याबाहेर पडून फुटला तर तोही वेचून घ्यायचा. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली, आणि पुढच्या मोसमात एका सकाळी सोनूबाबा गेलेच नाहीत. पोराला म्हणाले, आता आपल्या घरातलं कुणी कुणाच्या दारात मागायला उभं राहणार नाही. मरेपर्यंत त्यांनी आंबा तोंडात घातला नाही. आणि मुलानं कॉव्हेंट्रीत दर मे महिन्यात पेटी आणली. विकत, पूर्ण पेटी, एकही पडका नाही.

"मामंजी म्हणाले ते बरोबरच," भीमाबाई म्हणाल्या. "पण मला एक सांगा. चौसष्ट साली खेडला माझ्या बापाच्या दारात कोण उभं होतं?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? बरोबर ना काका ना मामा, एक दोस्त तेवढा. माझा बाप नांगराचा फाळ घासत बसलेला, वर बघायला तयार नाही. बस म्हणाला नाही. पाणी विचारलं नाही. तासभर तुम्ही अंगणात उभे. मी दाराच्या फटीतून बघत होते."

"तासभर नाही. पाऊण तास असेल."

"तासभर आणि वर. मग बाप म्हणाला, काय काढलंत? आणि तुम्ही आडवळण घेतलं नाही. म्हणालात, तुमची मुलगी मागायला आलोय."

मागे धम्मशीला हातातली वही छातीशी धरून ऐकत होती. ही गोष्ट तिनंही कधी ऐकली नव्हती.

"ती भीक होती का हो?" भीमाबाईंनी विचारलं. "मी आजवर तिला मागणी समजत आले. कुणाच्या पडक्या आंब्यासाठी तुम्ही उभे नव्हता. माझ्यासाठी उभे होतात. त्या दिवशी माझी किंमत मला कळली, ती तुमच्या उभं राहण्यानं. आता त्या पोरीची आई खिडकीत उभी आहे, आपल्या पोरीची किंमत कुणी सांगतं का ते बघायला. तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ. मी जाते. वडे बसलेत, मी कशाला बसू?"

यादवरावांनी खिशातलं पेन काढलं, पाहिलं, परत ठेवलं.

"पेटी घ्या," ते म्हणाले. "झाकण नीट लावा, गाडीत कलंडेल."

एका गाडीत सुहास आणि धम्मशीला, सागोतीचं पातेलं, वड्यांचा डबा, सोलकढीच्या बाटल्या. दुसरीत मिलिंद चालवायला, यादवराव पुढे, मागे भीमाबाई मांडीवर आंबे घेऊन. मिल्टन कीन्स लागलं तशी गोल वळणं सुरू झाली. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं. कुठल्या तरी साहेबानं कंपासपेटी हातात घेऊन गाव वसवलं असावं.

शेवटच्या वळणापाशी यादवराव एकदम म्हणाले, "थांब."

"बाबा, इथे थांबता येत नाही."

"मग फिरत राहा."

मिलिंद गोल फिरला. एकदा. दुसऱ्यांदा. बाहेर पडायची वाट डाव्या हाताला येत होती आणि जात होती. मागून भीमाबाईंनी तोंड उघडलं नाही. माणूस इतक्या दूर आला की त्याला ढकलायचं नसतं; ढकललं की तो ढकलल्यामुळे आला असं होतं.

"इंग्रजीत काय म्हणतात?" तिसऱ्या फेरीत यादवरावांनी विचारलं. "मुलगी मागणं."

"आस्क फॉर हर हँड," मिलिंद म्हणाला.

"हात? बाकीची पोरगी काय घरी ठेवायची?" ते म्हणाले. मग, "जा. डावीकडे घे."

घर रांगेतलं, विटकरी, लहानसं. मॅरिसेलबरोबर आणखी दोन नर्सा राहायच्या, दोघी तिच्याच भागातल्या. दार उघडंच होतं आणि दारात सगळ्या उभ्या. मधोमध एक काळीसावळी, ठेंगणी बाई. सुती फुलाफुलांचा झगा, केस घट्ट बांधलेले, पायांत मुलीचे मोठे होणारे सपाट बूट. हातांच्या बोटांना कागद आणि चीक यांनी पडलेले घट्टे. पासिता, मॅरिसेलची आई.

आत जायच्या आधीच मॅरिसेल पुढे आली. कॉव्हेंट्रीला ती हात जोडून जयभीम म्हणायची, सुहासनं शिकवलेलं. आज स्वतःच्या दारात तिनं स्वतःची रीत केली. यादवरावांचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला, खाली वाकली आणि हाताची पालथी बाजू आपल्या कपाळाला लावली. मग मागच्या दोघी नर्सा आल्या. त्यांनीही तसंच. एकीमागून एक, तीन कपाळं.

"मोठ्यांचा आशीर्वाद घेतो आम्ही असा," मॅरिसेल म्हणाली.

यादवरावांनी हात परत घेतला नाही. तिसरी बाजूला झाली तरी तो हवेत तसाच राहिला होता, जरा पुढे, उघडा. भीमाबाईंनी त्या हाताकडे पाहिलं, आणि मग पेटीकडे बघायचं काहीतरी निमित्त काढलं. सोनूबाबांच्या पसरलेल्या पंच्यात आंबा पडायचा तो किती उंचीवरून, ते या घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

आत टेबल वाकलं होतं. पासितांनी एकेक झाकण काढून दाखवलं. भीमाबाई डिनर लेडीच्या नजरेनं बघत गेल्या आणि एका भांड्यापाशी थांबल्या.

"हे काय?"

"तूर. आणि कच्चा फणस. आणि डुकराचं मटण. आमच्याकडचं रोजचं."

"तुरीत फणस!" भीमाबाईंनी वळून लेकीला सांगितलं. "बघ गं, हे लोक आपल्या मागच्या दारचेच निघाले. तीन समुद्र पलीकडे राहतात एवढंच."

पण कुणी बसत नव्हतं. पासिता मुलाकडचे बसेपर्यंत बसणार नव्हत्या. आणि मागणी घातल्याशिवाय यादवराव बसणार नव्हते. एकदा यायचं ठरलं की अर्धवट काम त्यांना चालायचं नाही. ते टेबलासमोर उभे राहिले, कोटाचं बटण लावलं, आणि गाडीत जुळवलेलं इंग्रजी बाजूला ठेवून मराठीतच बोलले.

"बाई, मी यादव सोनू. माझा बाप दुसऱ्याच्या बागेत आंबे राखायचा. माझ्या घरात मागणं हा शब्द चांगला नव्हता. पण माझा मुलगा तुमच्या मुलीसाठी योग्य आहे असं मला वाटतं, म्हणून आज मी मागायला आलोय. उशीर झाला, तो आमच्यामुळे झाला. मुलगी द्याल का?"

सुहासनं भाषांतर करायला तोंड उघडलं आणि बहिणीकडे पाहिलं. धम्मशीलानं ते केलं. शब्द न गाळता, एकही न घालता, कोर्टात करतात तसं. वहीतला एकही मुद्दा तिनं काढला नाही.

पासितांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आंबे तुमच्या वडलांचे होते?"

"नाही."

"माझेही नाहीत," त्या म्हणाल्या, "मी फक्त कागद बांधते." आणि हसल्या. यादवरावही हसले. दोघंही असे हसले की बाकीच्यांना त्यातलं सगळं कळलं नाही.

"आमच्याकडे पूर्वी," पासिता त्यांच्या त्या झोपवणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "मुलानं मुलीच्या घरी वर्षभर राबायचं असायचं. लाकडं फोडायची, पाणी भरायचं. मग हो म्हणायचे. आता वर्ष कुणाकडे आहे? पण मी फुकट देणार नाही." त्या सुहासकडे वळल्या. "मासे परत यायला लागलेत म्हणतात. आमची होडी ऑगस्टपासून उपडी आहे. मॅरिसेलच्या वडलांची पाठ धरलीय, एकट्याला ती उलटत नाही. डिसेंबरात दोन आठवडे ये. होडी सरळ कर, खरवड, रंग दे. लग्न त्यानंतर. चालेल?"

"येस," सुहास म्हणाला. "हो. येस. मी येतो."

"हा?" धम्मशीला म्हणाली. "यानं आयुष्यात कधी कुंपणाला रंग दिला नाहीये."

"म्हणून तर," पासिता म्हणाल्या.

यादवराव पुढे वाकले. कारखान्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण भीमाबाईंना ते वाकणं ओळखीचं होतं. लाइनवर एखादी गाडी खोकायला लागली की हे असे वाकायचे.

"होडीला इंजिन आहे?"

"आहे. तेव्हापासून सुरूच होत नाही. तेलात बुडालं होतं."

"कार्ब्युरेटर कुणी उघडला?"

"कुणी नाही."

"कुणाला उघडू देऊ नका," यादवराव म्हणाले. "डिसेंबरपर्यंत हात लावायचा नाही. मी बघतो ते. विमानाची तिकिटं दोन काढ रे, सुहास."

"तीन," भीमाबाई म्हणाल्या. "मला तो धक्का बघायचाय. बाहेरचा आंबा येऊ देत नाहीत, तर बाहेरची विहीण कशी येऊ देतात ते बघते."

मॅरिसेलनं हे आईला सांगितलं. पासितांनी मान मागे टाकली आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली. त्याच वेळी यादवरावांनीही ओढली. दोघांनी एकमेकांना हातानं आधी तुम्ही, आधी तुम्ही केलं. दोघांनीही ऐकलं नाही. खुर्च्या एकदमच करकरल्या. बसलेले वडे आले, सागोती आली, तुरीतला फणस आला, हापूसची पेटी उघडली आणि पासितांनी पहिला आंबा उचलून नाकाशी धरला, डोळे मिटून, बराच वेळ, जणू समोरच्या माणसाचा पासपोर्ट तपासत आहेत.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "आमच्यापेक्षा नाही."

"बघू डिसेंबरात," यादवराव म्हणाले.

"डिसेंबरात आंबा नसतो."

"मग मे महिन्यात परत यावं लागेल."

पुढे दोन्ही घरांत वर्षानुवर्षं या गोष्टीवरून वाद चालला. पासिता म्हणायच्या, पाहुणे आधी बसले, म्हणजे मान मी दिला. यादवराव म्हणायचे, यजमानीण आधी बसली, म्हणून मागणी मान्य झाली. भीमाबाई तेव्हा दोघांच्या मधोमध उभ्या होत्या. कोण आधी बसलं, हे त्यांनी नेमकं पाहिलं होतं; पण मनातल्या वहीचं ते एक पान त्यांनी शेवटपर्यंत कुणाला उघडून दाखवलं नाही.